मक्तेदारी, विभाजन आणि ग्राहक : वरळीच्या दूरदर्शन केंद्राच्या उदाहरणावरून एक विवेचन

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• मक्तेदारी, वर्चस्व, विभाजन आणि नियमन या संज्ञांमधील भेद सांगता येईल.
• मुंबईतील दूरचित्रवाणीच्या इतिहासाच्या आधारे मक्तेदारी संपण्याचे परिणाम स्पष्ट करता येतील.
• मक्तेदारी मोडल्याचा लाभ ग्राहकापर्यंत कोणत्या परिस्थितीत पोहोचतो, याची चिकित्सा करता येईल.
• एखाद्या सार्वजनिक प्रश्नावरील वैचारिक लेखनात संज्ञांचा काटेकोर वापर का आवश्यक असतो, हे सांगता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बड्या तंत्रज्ञान कंपन्यांचे तुकडे करावेत, अशी मागणी गेल्या काही वर्षांत अनेक देशांत होत आहे. शोधयंत्र एकाचे, भ्रमणध्वनीतील प्रणाली त्याचीच, जाहिरातींचा बाजारही त्याचाच, अशी स्थिती असल्यावर ग्राहकाची कोंडी होते, असे या मागणीमागचे म्हणणे आहे. दुसरी बाजू म्हणते की, मोठ्या कंपनीमुळेच सेवा स्वस्त किंवा फुकट मिळते. तिचे तुकडे केले तर नुकसान ग्राहकाचेच होईल.

हा विषय अर्थशास्त्राचा आहे, मराठीच्या अभ्यासक्रमात त्याचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याची दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे, हा वाद ‘मक्तेदारी’, ‘स्पर्धा’, ‘ग्राहक’, ‘फुकट’ अशा शब्दांच्या आधाराने चालतो आणि हे शब्द सैलपणे वापरले की विचारही सैल होतो. दुसरे म्हणजे, या कंपन्या जे आपल्यापर्यंत पोहोचवतात त्यात बातमी, कथा, नाटक, गाणे, म्हणजेच भाषा, मोठ्या प्रमाणात असते. मराठी वाचणारा आणि पाहणारा माणूस या बाजारात कोणत्या स्थानी उभा आहे, हे मराठीच्या विद्यार्थ्याने जाणून घेतले पाहिजे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दूरच्या उदाहरणापेक्षा जवळचे उदाहरण घेऊ. मुंबईत वरळीला दूरदर्शनचे केंद्र आहे. त्याचा सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा लांबूनही दिसतो. एका तंत्रज्ञानावरील मक्तेदारी कशी निर्माण झाली, कशी संपली आणि त्यानंतर ग्राहकाच्या हाती काय आले, हे या मनोऱ्याच्या परिसरात राहून पाहता येते.

२. संज्ञांचा विचार

‘मक्ता’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. ठरावीक रक्कम सरकारात भरून एखादा कर गोळा करण्याचा किंवा एखादा व्यवहार करण्याचा हक्क घेणे म्हणजे मक्ता घेणे. ज्याने तो घेतला तो मक्तेदार. त्याच्या हद्दीत दुसऱ्याला तो व्यवहार करता येत नसे. या शब्दाच्या मूळ अर्थात दोन गोष्टी आहेत : हक्क कोणीतरी दिलेला असतो आणि इतरांना मज्जाव असतो. आज आपण ज्या कंपन्यांना मक्तेदार म्हणतो, त्यांपैकी बहुतेकींना कोणी मक्ता दिलेला नाही. आकार, भांडवल आणि वापरकर्त्यांची संख्या यांच्या जोरावर त्यांनी ते स्थान मिळवले आहे. म्हणून दिलेली मक्तेदारी आणि मिळवलेले वर्चस्व यांत भेद करणे आवश्यक आहे. दिलेला मक्ता काढून घेता येतो; मिळवलेले वर्चस्व केवळ आदेशाने काढून घेता येत नाही.

भारतीय कायद्यांच्या नावांतही हा बदल दिसतो. १९६९ चा कायदा मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथांविषयीचा होता. त्याच्या जागी आलेल्या २००२ च्या कायद्याचे नाव ‘स्पर्धा अधिनियम’ असे आहे. पहिल्या नावात टाळावयाच्या दोषाचा उल्लेख आहे, तर दुसऱ्यात जपावयाच्या गुणाचा. नव्या कायद्यानुसार बाजारात वर्चस्व असणे हा अपराध नाही; कलम ४ नुसार वर्चस्वाचा गैरवापर हा अपराध आहे. मात्र वर्चस्वाचा गैरवापर होऊ नये यासाठी कंपनीचे विभाजन करण्याचा आदेश देण्याची तरतूद कलम २८ मध्ये आहे. म्हणजे ‘फोडणे’ हा उपाय आपल्या कायद्यालाही परका नाही.

तिसरा शब्द ‘ग्राहक’. संस्कृत ‘ग्रह्’ म्हणजे घेणे. जो घेतो तो ग्राहक. दैनंदिन व्यवहारात आपण पैसे देऊन वस्तू घेणाऱ्यालाच ग्राहक म्हणतो. घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, अशी स्थिती आली तर ग्राहक कोणाला म्हणायचे? हा प्रश्न पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

३. मक्त्याचा काळ : १९७२ ते १९९१

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे ते देशातील दुसरे केंद्र. प्रक्षेपणाचा हक्क फक्त सरकारकडे होता आणि त्याचा आधार १८८५ च्या भारतीय तार अधिनियमात होता. तारायंत्रासाठी इंग्रजी राजवटीने स्वतःकडे राखलेला एकाधिकार आधी नभोवाणीला आणि नंतर दूरचित्रवाणीला लागू झाला. मूळ अर्थाने हा मक्ताच होता, फक्त देणारे आणि घेणारे दोन्ही सरकारच होते.

१९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे करण्यात आले. एका संस्थेच्या दोन संस्था झाल्या. पण प्रेक्षकाच्या दृष्टीने काय बदलले? त्याच्यासमोर आधीही एकच वाहिनी होती आणि नंतरही एकच राहिली. विभाजन झाले म्हणजे स्पर्धा आली असे होत नाही, याचे हे पहिले उदाहरण.

या काळाचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. संध्याकाळचे मोजके तास मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी यांत वाटलेले असत. बातम्या सरकारच्या नियंत्रणाखाली होत्या आणि आणीबाणीत या नियंत्रणाचा अर्थ देशाला कळला. न आवडलेला कार्यक्रम पाहायचा नसेल तर संच बंद करणे एवढाच पर्याय होता. दुसरीकडे, याच केंद्राने ‘चिमणराव’, ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ असे कार्यक्रम दिले. शेतकऱ्यासाठी किंवा साहित्यरसिकासाठी कार्यक्रम करताना त्याला किती प्रेक्षक मिळतील, ही चिंता मक्तेदाराला नव्हती. बी. डी. डी. चाळींत ज्याच्या खोलीत संच असे, त्याच्या दाराशी शेजारची मुले दाटीवाटीने बसत. प्रस्तुत लेखकाच्या पिढीने प्रमाण मराठीचा उच्चारित नमुना मोठ्या प्रमाणात याच केंद्राच्या वृत्तनिवेदकांकडून ऐकला.

त्या काळी संचासाठी वार्षिक परवाना शुल्क भरावे लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यास ते रद्द झाले. म्हणजे काही वर्षे प्रेक्षक स्वतः पैसे देत होता. मात्र त्याला निवड नव्हती.

४. मक्ता कसा मोडला?

दूरदर्शनचे तुकडे कोणी केले नाहीत. त्याचा मक्ता आधी तंत्रज्ञानाने मोडला आणि मग न्यायालयाने त्यावर विचार केला. १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून थेट दिसू लागली आणि त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले. इमारतींमध्ये व्हिडिओ दाखवण्यासाठी टाकलेल्या तारा मुंबईत आधीपासून होत्याच. गच्चीवर तबकडी बसवून या तारांतून उपग्रह वाहिन्या घरोघर देणे केबलचालकांना सोपे गेले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे वरळी केंद्राला बरोबर वीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, झी टीव्ही सुरू झाली. पुढे बरीच वर्षे या कंपनीचे मुख्य कार्यालयही वरळीतच, डॉ. अॅनी बेझंट मार्गावर होते. जुना मक्तेदार आणि त्याचा प्रतिस्पर्धी एकाच उपनगरी वस्तीच्या नव्हे, तर एकाच विभागाच्या पत्त्यावर आले.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून हा वाद निर्माण झाला होता. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे म्हटले. त्यांवर सरकारची मक्तेदारी नसावी; पण सरकारऐवजी मूठभर धनिकांची मक्तेदारी आली तर तीही नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला तितकीच बाधक ठरेल, असा या निर्णयाचा आशय होता. लहरींचे नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने करावे, असे न्यायालयाने सुचवले. मक्ता मोडणे आणि ग्राहकाचे हित साधणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे न्यायालयाने त्या वेळीच ओळखले होते.

५. ग्राहकाला काय मिळाले?

पहिला लाभ निवडीचा आणि तो निर्विवाद आहे. परंतु ही निवड आधी हिंदीत आली. १९९४ मध्ये दूरदर्शनने मराठीसाठी स्वतंत्र उपग्रह वाहिनी सुरू केली, ती आजची सह्याद्री. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी आली. २००७-०८ मध्ये झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत या वृत्तवाहिन्या आणि स्टार प्रवाह ही मनोरंजन वाहिनी सुरू झाली. दिवसभर मराठी ऐकू येण्याची सोय, मराठी लेखक, नट, पत्रकार आणि तंत्रज्ञ यांना काम, सरकारला प्रश्न विचारणारी मराठी बातमी, हे सर्व मक्ता टिकला असता तर या प्रमाणात घडले नसते.

दुसऱ्या बाजूला, काही गोष्टी हातच्या गेल्या. खाजगी वाहिनीचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातीतून येते. जाहिरातदार पैसे देतो तो मालिकेसाठी नव्हे, तर ती पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या लक्षासाठी. या व्यवहारात ग्राहक जाहिरातदार असतो. प्रेक्षकाचे लक्ष हा माल असतो. मग सर्व वाहिन्या एकाच मोठ्या प्रेक्षकवर्गाच्या मागे लागतात. पाच वाहिन्यांवर एकाच वेळी एकाच प्रकारची कौटुंबिक मालिका दिसते, तेव्हा स्पर्धा असते पण वैविध्य नसते. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमाला या हिशेबात जागा सापडणे कठीण होते.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी लक्षात आली. वाहिन्या अनेक झाल्या, पण घरात येणारी तार एकच राहिली. एका गल्लीत सामान्यतः एकच केबलचालक असे. त्याच गल्लीत दुसऱ्याने पुन्हा सगळ्या तारा टाकणे परवडत नाही. अशा स्थितीला अर्थशास्त्रात नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. वरळीच्या मनोऱ्यावरची मक्तेदारी संपली आणि ती गल्लीच्या तोंडाशी येऊन बसली.

म्हणून येथे नियमनाची गरज पडली. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे केबलचालकांना बंधनकारक केले आणि पुढे त्यात प्रादेशिक भाषेच्या वाहिनीचाही समावेश झाला. मराठीला मिळालेले हे स्थान बाजाराने नव्हे, कायद्याने दिले. २००७ च्या आरंभी दक्षिण मुंबईच्या अधिसूचित क्षेत्रात निःशुल्क वाहिन्यांसाठी ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीसाठी कमाल ५ रुपये, कर वेगळे, असा दर ठरवण्यात आला. २०१२ मध्ये मुंबईतील केबल पूर्णपणे डिजिटल झाली. २०१९ च्या नव्या दरव्यवस्थेत शंभर वाहिन्यांच्या वहनासाठी कमाल १३० रुपये, कर धरून सुमारे १५३ रुपये, आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत वेगळी, अशी रचना आली. ग्राहकाने हवी तीच वाहिनी घ्यावी, असा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात अनेकांनी गुच्छच घेतला, कारण तो सुट्या वाहिन्यांपेक्षा स्वस्त पडे.

६. सोडून जाण्याची सोय

ग्राहकाचे बळ कशात असते, हे दूरध्वनीच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. अमेरिकेत १ जानेवारी १९८४ पासून एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीचे विभाजन अमलात आले. स्थानिक सेवेसाठी सात प्रादेशिक कंपन्या झाल्या आणि लांब पल्ल्याची सेवा मूळ कंपनीकडे राहिली. लांब पल्ल्याच्या सेवेत अनेक स्पर्धक आल्याने तिचे दर उतरले. स्थानिक सेवेत मात्र प्रत्येक प्रदेशात एकच कंपनी होती, त्यामुळे तेथे ग्राहकाला तसा लाभ झाला नाही. उलट स्थानिक दर वाढले. पुढे या सातांपैकी अनेक कंपन्या पुन्हा एकत्र आल्या आणि २००५ मध्ये त्यांतल्याच एकीने मूळ कंपनी विकत घेतली.

आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबई आणि दिल्लीची दूरध्वनी सेवा केंद्रीय खात्यापासून वेगळी करून महानगर टेलिफोन निगमकडे देण्यात आली. हेही विभाजन होते. परंतु मुंबईकराला निगमाखेरीज पर्याय नव्हता. १९९५ मध्ये मुंबईत दोन खाजगी भ्रमणध्वनी कंपन्या आल्या. केवळ दोघांच्या स्पर्धेत दर चढेच राहिले आणि येणाऱ्या फोनचेही पैसे द्यावे लागत. स्पर्धक वाढले आणि दररचना बदलली, तेव्हा २००३ मध्ये येणारा फोन निःशुल्क झाला. २०११ मध्ये देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली. या नियमाने एकाही कंपनीचा तुकडा पडला नाही, तरी ग्राहकाची बाजू बळकट झाली. आपला क्रमांक शेकडो लोकांकडे असतो; तो सोडावा लागेल या भीतीने माणूस वाईट सेवाही सहन करतो. क्रमांक ग्राहकाचा झाला आणि ही भीती गेली.

याच्या उलट अनुभव दूरचित्रवाणीत येतो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने घरची सेवा बदलली, तेव्हा सुस्थितीतील जुना सेट-टॉप बॉक्स नव्या सेवेला चालला नाही आणि तो माळ्यावर टाकावा लागला. बाजारात सेवा अनेक होत्या. एकीकडून दुसरीकडे जाण्याची किंमत मात्र ग्राहकाच्या माथी होती.

७. आजच्या बड्या कंपन्या

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आजच्या कंपन्यांबाबत वरील तीनही अडचणी एकत्र येतात. सेवा फुकट असल्याने पैसे देणारा जाहिरातदार असतो. भ्रमणध्वनीतील प्रणाली आणि अनुप्रयोगांचे दुकान ही गल्लीच्या तोंडाशी बसलेली जागा असते. शिवाय जितके अधिक लोक एखादी सेवा वापरतात, तितकी ती प्रत्येकाला अधिक उपयोगी होते. सगळे नातेवाईक एका संदेशसेवेवर असताना एकट्याने दुसरीकडे जाण्यात अर्थ नसतो.

न्यायालयांनी विभाजनाबाबत सावध भूमिका घेतली आहे. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टचे दोन भाग करण्याचा आदेश अमेरिकेतील न्यायालयाने दिला. वरच्या न्यायालयाने २००१ मध्ये तो रद्द केला. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने शोधसेवेत बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय तेथे झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना न्यायालयाने क्रोम विकण्यास सांगितले नाही, तर अनन्य करारांना मनाई केली आणि काही माहिती स्पर्धकांना देण्यास सांगितले. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि नवा फोन सुरू करताना शोधयंत्र निवडण्याची मुभा द्यावी, असेही सांगितले. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले.

दरम्यान दूरचित्रवाणीत उलटा प्रवाह दिसतो. २०२४ मध्ये स्टार आणि व्हायकॉम१८ यांचे व्यवसाय एकत्र आले. स्पर्धा आयोगाने काही अटींवर त्यास मान्यता दिली. मराठी वाहिन्या चालवणारे दोन समूह त्यामुळे एकाच छत्राखाली आले. एकदा मोडलेली मक्तेदारी पुन्हा जमू लागते आणि म्हणून हे काम एका निकालाने संपत नाही.

८. समारोप

मक्तेदारी मोडल्याने ग्राहकाचे हित साधते का, या प्रश्नाचे उत्तर तीन कसोट्यांवर अवलंबून आहे. पहिली, ग्राहकाला जाच न होता सेवा सोडता येते का? दुसरी, प्रवेशाची वाट पुन्हा एकाच्याच हाती जात नाही ना? तिसरी, ज्याला आपण ग्राहक म्हणतो तोच त्या व्यवहारातील खरा ग्राहक आहे का? एटी अँड टीच्या विभाजनाने लांब पल्ल्याच्या सेवेत पहिली कसोटी पूर्ण केली, स्थानिक सेवेत नाही. वरळीच्या उदाहरणात मक्ता गेल्याने निवड आली. दुसरी कसोटी नियमनाने काही अंशी पूर्ण झाली. तिसरी आजही अपुरी आहे.

या तिसऱ्या कसोटीशी मराठी भाषकाचे हित सर्वाधिक जोडलेले आहे. जाहिरातदाराला जेव्हा मराठी प्रेक्षक हवा असतो, तेव्हा बाजार मराठीत बोलतो. जेव्हा त्याचे काम हिंदीत भागते, तेव्हा बोलत नाही. म्हणून मासिक शुल्क न घेता दिसणारी सार्वजनिक प्रक्षेपणसेवा टिकणे आणि ती सरकारच्या हस्तक्षेपापासून मुक्त असणे, हे स्पर्धेइतकेच आवश्यक आहे. जुना मक्ता परत यावा असे कोणी म्हणणार नाही. मात्र मक्तेदाराने ज्या प्रेक्षकाची मोजणी न करता कार्यक्रम केले, त्या प्रेक्षकाची सोय कोण करणार, हे आपण ठरवले पाहिजे.

स्वाध्याय

अ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१) ‘दिलेली मक्तेदारी’ आणि ‘मिळवलेले वर्चस्व’ यांतील भेद सोदाहरण सांगा.
२) १९७६ आणि १९८६ मधील विभाजनांमुळे मुंबईतील ग्राहकाला निवड का मिळाली नाही?
३) क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याच्या सोयीचे महत्त्व स्पष्ट करा.

आ) सविस्तर उत्तर लिहा.
‘स्पर्धा वाढली म्हणजे वैविध्य वाढतेच असे नाही.’ मराठी वाहिन्यांच्या आधारे या विधानाची चिकित्सा करा.

इ) क्षेत्रीय कार्य
तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ व्यक्तीशी बोलून १९९० पूर्वीच्या आणि आजच्या मराठी कार्यक्रमांविषयी तिचा अनुभव लिहून घ्या. काय मिळाले आणि काय गेले, अशा दोन स्तंभांत त्याची मांडणी करा व त्यावर सुमारे २०० शब्दांत तुमचे मत लिहा.